दोन पायांचा जब्बा

गेल्या महिन्यात होटगीला जाऊन आलो. घर बरेच दिवस बंद आहे, माळ्यावर वाळवी लागली असा शेजाऱ्यांचा फोन आला, म्हणून भाच्याला सोबत घेऊन गेलो. रद्दीवाल्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वडिलांची जुनी टाइमटेबलं, दिवाळी अंक, इंद्रजाल कॉमिक्सचा एक गठ्ठा आणि सगळ्यात तळाशी वर्तमानपत्राएवढ्या मोठ्या आकाराचं, कव्हर नसलेलं, कडा कुरतडलेलं एक इंग्रजी चित्रपुस्तक.

भाचा पंचविशीचा. पुण्यात नोकरी, आणि स्टार वॉर्सचा भक्त. भक्त हा शब्द मी विचार करून वापरतोय. त्यानं ते पुस्तक हातात घेतलं, चार पानं उलटली आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "मामा, हे लेजंड्समध्ये जातं रे. कॅनन नाही. टाकलंस तरी चालेल."

खाली रद्दीवाला तागडी घेऊन बसलेला. त्यानं वर बघून विचारलं, "मालक, ते बी टाकायचं का?"

रद्दीवाल्याचा राग आला नाही, त्याचा तो धंदा आहे. भाच्याचा आला. तिथं काही बोललो नाही, पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून इथे लिहितोय. स्टार वॉर्सशी ज्यांचं काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, भानगड सगळीकडे लागू आहे.

आधी ही लेजंड्सची भानगड. जॉर्ज लुकासचा 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ ला अमेरिकेत लागला. त्यावर पुढे शेकडो कादंबऱ्या आणि कॉमिक्स निघाली. मार्व्हलनं १९७७ ते १९८६ मध्ये १०७ अंक काढले. १९९१ पासून डार्क हॉर्स नावाच्या प्रकाशनानं तेवीसेक वर्षं काढली. २०१२ मध्ये डिस्नेनं लुकासची कंपनी विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर केलं की सिनेमे आणि 'क्लोन वॉर्स' मालिका तेवढी खरी. आधीची कॉमिक्स-कादंबऱ्या यापुढे 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा. कॅनन म्हणजे मुळात चर्चनं मान्य केलेल्या धर्मग्रंथांची यादी. आता ती यादी कंपनी करते. तिच्या बाहेरचं ते घडलंच नाही! (तशी याआधीही प्रतवारी होतीच. लुकासच्या माणसांकडे एक मोठा डेटाबेस होता आणि त्यात सिनेमा वरच्या वर्गात, कॉमिक्स त्याखालच्या. रेशनकार्डासारखं. पण निदान कार्ड तरी होतं.)

आता ते ट्रंकेतलं पुस्तक.

माझे वडील रेल्वेत होते. होटगी म्हणजे जंक्शन, पण नावालाच. मुंबई-मद्रासच्या मोठ्या गाड्या बहुतेक धडधडत निघून जायच्या आणि आम्ही पोरं फलाटावर धूळ खात बघत बसायचो. इथूनच गदगकडे फाटा जातो, विजापूर-बागलकोटवरून. तेव्हा तो मीटरगेज होता. म्हणजे आमच्या गावात मोठा रूळ आणि छोटा रूळ दोन्ही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कधीतरी १९८१ च्या सुमारास कुणीतरी प्रवासी फर्स्ट क्लासच्या डब्यात विसरून गेलेलं हे पुस्तक वडिलांनी घरी आणलं. कव्हर तेव्हाच नव्हतं. मी मराठी शाळेत, पाचवीला इंग्रजी नुकतं सुरू झालेलं. धिस इज अ कॅट. त्यामुळे फुग्यांतलं काही कळत नव्हतं. पण चित्रं! वाळवंट, दोन सूर्य, झग्यातला म्हातारा, आणि एक काळा मुखवटा, जो आम्हाला सरळ इंजिनाच्या तोंडासारखा वाटायचा. हा श्वास घेताना वाफ सोडत असणार, असं आमचं ठरलेलं. (कित्येक वर्षांनी सिनेमात तो आवाज ऐकला तेव्हा काय वाटलं सांगू! आम्ही फार चुकलो नव्हतो.)

नंतर कळलं, ती मार्व्हलची खास मोठ्या आकाराची आवृत्ती होती. महिन्याला निघणाऱ्या अंकांपैकी पहिले तीन त्यात एकत्र केलेले. सिनेमाचं कॉमिक सहा अंकांचं. म्हणजे आमच्याकडे बरोबर अर्धी गोष्ट. दुसरा भाग होटगीला कुठून येणार? आणि सिनेमा तर आमच्यापर्यंत पोचलाच नाही.

मग उरलेली अर्धी आम्ही केली. आम्ही म्हणजे रेल्वे चाळीतली पाच-सहा पोरं, निम्मी मराठी, निम्मी कानडी. मी पान उघडून सांगायचो, आणि कुठे अडलो की कानडी दोस्त ओरडायचा, "मुंदेन?" पुढे काय? पुढे काय, तर तो लोखंडी चंद्र मोठ्या रुळावरून गावाकडे येतोय. सांधेवाल्याचं पोर रात्री गुपचूप सांधा बदलतं आणि चंद्र जातो मीटरगेजवर. चाकं बसेनात, तिथंच आडवा! मुखवटेवाला उतरतो, स्टेशनमास्तरशी भांडतो, आणि मास्तर त्याला म्हणतात, अर्ज करा. दोन उन्हाळे ही गोष्ट चालली. दर वेळी थोडी वेगळी.

हे कॅनन नव्हतं. मान्य.

सिनेमा मी पाहिला नव्वदच्या दशकात, सोलापुरात एका मित्राकडे केबलवर. सुरुवातीलाच बेचैन झालो. कारण माझ्या पुस्तकात नायक ल्यूक त्याच्या जुन्या मित्राला, बिग्जला भेटतो. मित्र त्याला सांगतो की मी सैन्यातून पळून बंडखोरांना सामील होणार आहे. तो प्रसंग सिनेमात नाहीच! पुढे हान सोलोचा सावकार जब्बा, तोही नाही. मला वाटलं केबलवाल्यानं कापला. केबलवाले तेव्हा काहीही कापायचे.

खरी गोष्ट पुढे कळली आणि ती या सगळ्या वादाचा कणा आहे. मार्व्हलचा पहिला अंक सिनेमाच्या आधी बाजारात आला होता, एप्रिल १९७७ मध्ये. लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार हॉवर्ड चेकिन यांना पुरा झालेला सिनेमा बघायला मिळालेलाच नव्हता. हातात होती पटकथा आणि काही फोटो. त्यात बिग्ज होता, जब्बा होता, म्हणून त्यांनी काढले. नंतर लुकासनं संकलनात ते प्रसंग उडवले. जब्बा कसा दिसतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून चेकिननं त्याला दोन पायांवर उभा केला, वॉलरससारखं तोंड दिलं, वर झगझगीत कपडे. सहा वर्षांनी, १९८३ च्या सिनेमात तोच जब्बा भलीमोठी गोगलगाय होऊन आला. आणि १९९७ मध्ये लुकासनं पहिला सिनेमा दुरुस्त करून पुन्हा लावला तेव्हा कापलेला प्रसंग परत घातला, संगणकानं काढलेल्या गोगलगायीसकट. मी तो बघून मोठ्यानं हसलो. प्रसंग मला पाठ होता. होटगीच्या ट्रंकेत तो सोळाएक वर्षं आधीपासून होता, फक्त जब्बाला पाय होते.

मग सांगा, मूळ कोणतं? १९७७ चा सिनेमा, ज्याच्या सुरुवातीच्या मजकुरात 'चौथा भाग' हे शब्दही नव्हते? ते १९८१ ला घातले. १९९७ चा, ज्यात हानवर आधी समोरचा ग्रीडो गोळी झाडतो, कारण नायक आधी गोळी झाडणारा नको असं मागाहून वाटलं? की कॉमिक, जे यातल्या सगळ्यांच्या आधी छापून बाजारात गेलं? सिनेमावाल्यांनी आपला सिनेमा पुन्हा पुन्हा बदलावा आणि कॉमिकवाल्यांना म्हणावं की तुमचं मूळ गोष्टीशी जुळत नाही, हा कुठला न्याय!

आणि मुळात सिनेमा तरी आला कुठून? लुकासला करायचा होता फ्लॅश गॉर्डन. अलेक्स रेमंडनं १९३४ मध्ये वर्तमानपत्रात सुरू केलेली चित्रकथा. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यानं स्वतःची गोष्ट रचली. पडद्यावर खालून वर तिरका सरकत जाणारा तो प्रसिद्ध मजकूरसुद्धा फ्लॅश गॉर्डनच्या जुन्या चित्रपटमालिकांतून आलाय. आता गंमत अशी की हा फ्लॅश गॉर्डन त्याच ट्रंकेत होता. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांच्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये (१९६४ ते १९९०) वेताळ आणि मँड्रेकच्या जोडीनं तो यायचा. सोलापूर स्टेशनच्या पुस्तकांच्या स्टॉलवर उभं राहून अर्धा अंक फुकट वाचायचा आणि विक्रेत्यानं डोळे वटारले की उरलेला विकत घ्यायचा, ही आमची पद्धत. म्हणजे इथल्या ज्या पोरांनी स्टार वॉर्सचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांनी त्याचा आजोबा वाचलेला होता. कागदावरून पडद्यावर, पडद्यावरून परत कागदावर. यात कागद दुय्यम कधी झाला?

भाच्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, इमोशनल होऊ नकोस. एवढ्या गोष्टी एकमेकांशी जुळायला कुणीतरी ठरवायला नको का?"

प्रश्न बरोबर आहे, टाळत नाही. तीसेक वर्षांत इतकं साठलं होतं की नव्या सिनेमाच्या लेखकाला हात हलवायला जागा नव्हती. शिवाय त्यात कचरा भरपूर. मार्व्हलच्या आठव्या अंकात सहा फुटी हिरवा ससा बंदूक घेऊन येतो, जॅक्सन नावाचा. मला तो आवडतो, पण तो माझा प्रश्न. धंद्यासाठी नवी पाटी कोरी हवी असेल तर त्यांनी ती घ्यावी, मालमत्ता त्यांची आहे. पण मग कोरी पाटी म्हणा आणि तिच्यावर स्वतःचं लिहा.

ते झालं नाही. १९९१ मध्ये डार्क हॉर्सनं 'डार्क एम्पायर' नावाची मालिका काढली, लेखक टॉम व्हीच, चित्रकार कॅम केनेडी. त्यात मेलेला सम्राट पॅल्पटीन क्लोन केलेल्या शरीरात परत येतो. २०१४ मध्ये ही झाली दंतकथा. आणि २०१९ चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर' बघा. कोण परत आलं? पॅल्पटीन. कशात? क्लोन केलेल्या शरीरात. आधी रद्दीत घालायचं आणि नंतर रात्री येऊन रद्दीतून उचलायचं. आमच्याकडे याला वेगळा शब्द आहे. शाळेत असं केलं की मास्तर बाकावर उभं करायचे.

याच्या उलट लुकासचं एक आठवतं. २००० सालच्या डार्क हॉर्सच्या कॉमिकमध्ये जॉन ऑस्ट्रँडर आणि जॅन डुरसिमा या जोडीनं आयला सिक्युरा नावाची निळी जेडाय काढली. लुकासला मुखपृष्ठावरचं तिचं चित्र आवडलं आणि त्यानं तिला २००२ च्या सिनेमात घेतलं. ती सिनेमात गेली म्हणून कॅनन, आणि जिथे जन्मली ते कॉमिक दंतकथा. लेक खरी आणि माहेर खोटं!

हे फक्त स्टार वॉर्सचं नाही. 'एलियन्स' हा १९८६ चा सिनेमा. त्यात शेवटी सैनिक हिक्स आणि न्यूट नावाची लहान मुलगी वाचतात. डार्क हॉर्सनं १९८८ मध्ये त्यापुढची गोष्ट काढली, लेखक मार्क व्हर्हायडन. न्यूट आता मोठी झालेली, डोक्यातून ती रात्र जात नाही. हिक्सचा चेहरा जळालेला, लोक त्याला टाळतात. वाचवलं म्हणजे संपत नाही, पुढेही जगावं लागतं, हे त्या कॉमिकनं धरलं होतं. मी ते पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत उभ्याउभ्या वाचलं आणि विकत घेऊन आलो. मग १९९२ मध्ये 'एलियन ३' आला. त्यात सुरुवातीच्या पाच मिनिटांत दोघं मेलेले, संपलं. आता कॉमिकचं काय करायचं? पुढच्या आवृत्त्यांमध्ये चक्क नावं बदलली. हिक्सचा झाला विल्क्स, न्यूटची बिली. चित्रं तीच, जखमा त्याच, गोष्ट तीच. एखाद्या माणसाला एका सकाळी सांगावं की तू आजपासून तू नाहीस, तसं.

(आणि एलियन आणि प्रेडेटर यांची लढाई ज्यांना २००४ च्या सिनेमामुळे माहीत आहे त्यांच्यासाठी: ती पहिल्यांदा झाली कॉमिकमध्येच, १९८९-९० ला. असो.)

लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांचं यात काय होतं हे बघायचं असेल तर अ‍ॅलन डीन फॉस्टरचं उदाहरण आहे. कॉमिकचा माणूस नव्हे, पण घर तेच. स्टार वॉर्सची पहिली कादंबरी लुकासच्या नावावर निघाली ती प्रत्यक्षात यांनी लिहिलेली. एलियनच्या कादंबऱ्याही यांच्याच. २०२० मध्ये यांनी जाहीर तक्रार केली की मालक बदलल्यापासून रॉयल्टी थांबली आहे. अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेनं सांगितलं की कंपनीचं म्हणणं असं: आम्ही हक्क विकत घेतले, देणी नाहीत. पुढे ते प्रकरण मिटलं. पण हे वाक्य मनात ठेवून 'लेजंड्स' शब्दाकडे परत बघा. वस्तू आमची, तिची जबाबदारी नाही. विकत मात्र राहू, कारण लेजंड्सचा शिक्का मारून जुनी कॉमिक्स नव्यानं छापली जातातच. दंतकथेलासुद्धा किंमत छापलेली असते.

माझं खरं भांडण मात्र कंपनीशी नाही. कंपन्या असंच करतात. भांडण आहे भाच्याशी आणि त्याच्यासारख्या हजारोंशी, जे पगार न घेता त्या यादीची राखण करतात. वाचलेलं आवडलं का, हे विचारायच्या आधी ते विचारतात, हे चालतं का? मी त्याला विचारलं, 'डार्क एम्पायर' वाचलंस? नाही. का? "कॅनन नाही ना." म्हणजे वाचायच्या आधीच निकाल. त्याच्या वयाला आम्ही मिळेल ते वाचत होतो, भेळेचा कागदसुद्धा उलटून.

आपल्याकडे हा रोग नव्हता हो. आमच्याच जिल्ह्यातला, सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचा श्रीधर. तीनेकशे वर्षांपूर्वी त्यानं रामविजय लिहिला, पांडवप्रताप लिहिला, शिवलीलामृत लिहिलं. वाल्मीकीत नाही ते त्यात आहे, व्यासात नाही ते त्यात आहे. आमच्या होटगीत बायका सोमवारी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचायच्या. माझी आजी वाचताना डोळे पुसायची. तिला कुणी सांगितलं असतं की आजी, हे मूळ पुराणाशी जुळत नाही, ही दंतकथा, तर तिनं त्याला चहा देऊन वाटेला लावलं असतं. आणि मोरोपंत? बारामतीत बसून एकशे आठ रामायणं केली. त्यातलं एक तर असं की म्हणताना ओठाला ओठ लागत नाही. एकशे आठांपैकी एकशे सात रद्द करा असं कुणी परिपत्रक काढलं नाही.

कुणी म्हणेल, मामा, रामायणाला मालक नाही, स्टार वॉर्सला आहे. खरं आहे. कायद्यानं आहे. छापायचा हक्क त्याचा, विकायचा हक्क त्याचा. पण मी अकराव्या वर्षी जे वाचलं आणि त्यावर दोन उन्हाळे काढले, ते मागाहून खोटं ठरवायचा हक्क त्यानं विकत घेतलेला नाही. चार अब्ज डॉलरमध्ये ते येत नाही. आणि होटगीच्या पोरांसाठी तर कॉमिक हाच सिनेमा होता. पुण्या-मुंबईत ज्यांना थेटरात सगळं मिळालं त्यांना कॉमिक म्हणजे जोडधंदा वाटणं साहजिक आहे. ज्या गावात पडदाच आला नाही तिथे कागदावरचं तेवढंच खरं. यादी करणारी माणसं नेहमी थेटर असलेल्या गावची असतात.

जाता जाता एक तक्रार आपल्या लोकांबद्दलही. 'कोई... मिल गया' (२००३) आणि मग 'क्रिश' (२००६), ही आपली स्वतःची विज्ञानपटांची एक मालिका. क्रिशचे मुखवटे सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पोरांच्या तोंडावर पाहिले. पण स्टॉलवर उभं राहून अर्धं फुकट वाचावं असं त्याचं मराठी कॉमिक माझ्या हाती कधी लागलं नाही. चित्रकार नव्हते म्हणू नका. पुण्याचे प्रताप मुळीक अमर चित्रकथा काढायचे, नागराज काढायचे, आणि ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चनला 'सुप्रीमो' करून त्यांनी चित्रकथेत उतरवलाच होता. हात होते. मुखवट्यात नफा जास्त, एवढंच.

तर त्या दिवशी रद्दीवाल्याला वर्तमानपत्रं आणि टाइमटेबलं दिली. दिवाळी अंकांवर बहिणीशी फोनवर घासाघीस झाली, अर्धे ठेवले. इंद्रजालचा गठ्ठा आणि ते मोठं पुस्तक पिशवीत घातलं. भाचा काही बोलला नाही.

संध्याकाळी होटगी स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो. गाडी उशिरा. त्याच्या मोबाइलची बॅटरी संपलेली. दहा मिनिटं इकडेतिकडे बघून झाल्यावर त्यानं पिशवीतून ते पुस्तक काढलं आणि मांडीवर पसरलं. मी आपला समोरच्या रुळांकडे बघत होतो. आता मीटरगेज गेलं, सगळं ब्रॉडगेज झालंय. आमचा लोखंडी चंद्र आज आला असता तर थेट विजापूरला पोचला असता.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "मामा, हा कोण रे? वॉलरसच्या तोंडाचा?"

"जब्बा."

"हा जब्बा नाहीये."

"आहे."

त्यानं पान पुन्हा नीट बघितलं. मग पुढचं उलटलं. शेवटच्या पानाशी आला तेव्हा म्हणाला, "अरे, पण हे अर्ध्यातच संपतंय."

"हो," म्हटलं. "गाडीला किती वेळ आहे अजून?"